नळीतली वाफ

१

मंगळवारी सकाळी आठ वाजून चाळीस मिनिटांनी हे सुरू झालं. वेळ पक्की लक्षात आहे. जानेवारीत आमच्या दरीत उजेड उशिरा उतरतो, आणि तो कारखान्याच्या खिडकीत आला की लीना मावशी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघून रोज ओरडायची. त्या दिवशी ओरडली, "आले बाई सूर्यमहाराज! आठ चाळीसला. पगार कापा त्यांचा." बायका हसल्या आणि सगळ्यांनी हातातली पिस्तुलं उघडून खिडकीकडे धरली.

आमचं काम तेच. आघाडीवरून जुनी इशाऱ्याची पिस्तुलं गवतात गुंडाळून पेट्यांमधून यायची. आखूड, रुंद तोंडाची, आकाशात रंगीत उजेड सोडायची पिस्तुलं. मागच्या मोरीवर पूर्वेकडून धरून आणलेल्या मुली ती धुवायच्या. त्यांच्याशी बोलायला बंदी होती. मग आम्ही ती तारेच्या ब्रशने आतून घासायचो, चिंधी फिरवायचो, पिस्तूल मधल्या बिजागरीवर वाकवून उघडायचो आणि नळीतून खिडकीकडे बघायचो. डाग नाही, चीर नाही, समोर खिडकीचा गोल चकचकीत तुकडा दिसतोय, की ते गेलं आमचे मुकादम मास्टर ग्राइफ यांच्या टेबलावर. मास्टर त्या रुंद नळीत जाड पोलादाचं अस्तर बसवायचे आणि नट आवळायचे. पलीकडच्या बायका मागे खांद्याला टेकवायचा लोखंडी दांडा जोडायच्या. एवढं झालं की ते पिस्तूल उजेड सोडायचं विसरायचं. त्यातून रणगाड्यावर मारायचा बाँब सुटायचा.

"पूर्वी वर धरायचे, आता समोर धरायचं. एवढाच फरक," मास्टर म्हणायचे. रणगाडा किती जवळ येऊ द्यायचा, असं कुणी विचारलं की मात्र ते नटाकडे बघत बसायचे.

माझी मेटा टेबलाखाली, पेटीतल्या गवतावर बसलेली असायची. चार वर्षांची. कोळसा नाही म्हणून बालवाडी बंद, घरची चूलही गार, आणि तिची छाती जन्मापासून नाजूक. श्वास घेताना आत मांजराचं पिल्लू अडकल्यासारखा आवाज यायचा. माझे हात वर कामात असायचे आणि एक कान कायम खाली.

त्या सकाळी मी पहिलंच पिस्तूल उचललं. हलक्या धातूचं होतं, मुठीचा एक कोपरा उडालेला. उघडून खिडकीकडे धरलं तर खिडकी दिसेना. नळी आतून धुरकट. वाफ होती. चिंधी फिरवली, स्वच्छ झाली. पुन्हा डोळ्याला लावेपर्यंत पुन्हा धुरकट.

यात नवल काय, असं मी स्वतःलाच म्हटलं. शाळेत गुरुजींनी शिकवलं होतं, गरम हवा गार धातूला लागली की तिचं पाणी होतं. पण मग त्याच पेटीतली बाकीची पिस्तुलं कोरडी कशी? आणि ही वाफ एकदा बसली की बसली, असंही नव्हतं. ती यायची, हळूहळू विरायची, जरा थांबायची, परत यायची. बाहेरून कुणी खिडकीच्या काचेला तोंड लावून उभं असावं, तशी.

२

आमचं ग्लासबाख काच फुंकणाऱ्यांचं गाव. लढाईच्या आधी घराघरात पुरुष ज्योतीसमोर बसून काचेची नळी तापवायचे, तोंडाने फुंकायचे आणि ख्रिसमसच्या झाडाला टांगायचे गोळे करायचे. आम्ही बायका त्यांना आतून रुपेरी मुलामा द्यायचो. गोळ्याचं तोंड बंद केलं की फुंकणाऱ्याचा श्वास आतच राहतो. म्हणून गोळा हातातून पडून फुटला तर आमच्याकडच्या म्हाताऱ्या रागवायच्या नाहीत. "सुटला बिचारा," म्हणायच्या आणि केरसुणी घ्यायच्या.

गावात आडनावं चारच. त्यामुळे पोस्टमनपासून पाद्र्यांपर्यंत सगळे टोपणनावानेच हाक मारणार. माझा नवरा एवाल्ड आइशहोर्न, पण आइशहोर्न म्हणजे अर्धा गाव. त्याला शिट्टी म्हणायचे. पुढच्या दोन दातांत फट होती आणि फुंकताना त्या फटीतून बारीक शिट्टी यायची. लग्नात लीना मावशीने सगळ्यांसमोर सांगितलं होतं, "आल्मा, किटली विकत घेऊ नकोस गं. घरात आलीय ती वाजणारीच आहे."

एवाल्डला दोन वर्षांपूर्वी बोलावलं. पूर्वेला पाठवलं. सुट्टीवर आला तेव्हा हसत सांगत होता, "मला काय दिलंय माहितीय? उजेडाचं पिस्तूल. साहेब म्हणाला, ख्रिसमसचे गोळे करणारा आहे ना, मग आकाश सजवायचं काम तुझंच." ऑक्टोबरपासून त्याची काही खबर नव्हती. मेला असंही कुणी कळवलं नव्हतं, हरवला असंही नाही.

हे मी आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं वाचून कुणी म्हणू नये की बाईच्या मनाने खेळ केला. मन खेळ करतं हे मलाही माहीत आहे. म्हणूनच मी त्या दिवशी ते पिस्तूल गुपचूप ठेवून न देता मास्टरांकडे नेलं.

त्यांनी चष्मा कपाळावर चढवून नळीत पाहिलं. "लोखंडाला घाम येतो कधीकधी."

"हे लोखंड नाही, मास्टर."

"मग त्याच्या काकाला घाम आला असेल. स्टोव्हजवळ ठेवा, फ्राउ आइशहोर्न. वाळेल."

मी ठेवलं. दुपारी सूप प्यायला स्टोव्हपाशी गेले, सलगमचं पातळ पाणी, वर नावाला तेलाचा थेंब. बायका बोलत होत्या, भांडी वाजत होती. त्या गलक्यात मला शिट्टी ऐकू आली. बारीक, लांबट. मग थांबली. पुन्हा आली.

"किटली उतरवा कुणीतरी," मी म्हटलं.

लीना मावशी माझ्याकडे बघत राहिली. "पोरी, स्टोव्हवर किटली नाहीये."

३

आमच्याकडे मुलाला दात येण्याआधी एक नियम शिकवतात. फुंकायचं, ओढायचं नाही. फुंकणी तोंडात असताना श्वास आत घेतला तर ज्योतीची आग छातीत जाते. माझ्या सासऱ्यांचा भाऊ तसाच गेला. म्हणून पोरं खेळतानासुद्धा, गवताची काडी असो की पोकळ हाड, फुंकतात, तोंड बाजूला करतात, नाकाने श्वास घेतात आणि पुन्हा फुंकतात. दुसऱ्या गावची पोरं भोक दिसलं की बोट घालतात. आमची तोंड लावतात.

गुरुवारी मेटाची छाती फार वाईट होती. रात्रभर मी कांदे गरम करून फडक्यात बांधून तिच्या छातीवर ठेवले होते. डॉक्टर गावात उरला नव्हता, त्यालाही नेला होता. सकाळी तिला अंगावर बांधून कारखान्यात आणलं तेव्हा तिचे ओठ निळसर दिसत होते. मी नळ्या घासत होते आणि मनात फक्त एकच, पुढचा श्वास, पुढचा श्वास.

मग खालचा आवाज थांबला.

मी खाली वाकले, कशी वाकले ते आठवत नाही. मेटा गवतावर बसली होती. स्टोव्हजवळचं पिस्तूल तिने मांडीवर ओढून घेतलं होतं, उघडलेलं, आणि नळीला तोंड लावून डोळे मिटून होती. तिची छाती वर येत होती. शांतपणे, कुठेही न अडकता.

मी हिसकावून घेतलं. "घाण आहे ती! तोंडात घालतेस? आणि काय करत होतीस तू?"

"काही नाही."

"फुंकत होतीस?"

तिने नाही अशी मान हलवली. मग अगदी हळू, आपण चुकलो हे माहीत असल्यासारखं, म्हणाली, "ओढत होते."

"का गं? नियम काय आहे आपला?"

"पण तिकडून बाबा फुंकतायत ना," मेटा म्हणाली. "मग मी कुठे फुंकू?"

त्या संध्याकाळपर्यंत ती एकदाही खोकली नाही. घरी जाताना चढावर माझ्या पुढे पळाली. मी मागून ओरडत राहिले, हळू, हळू गं, आणि ती वळून हसत होती. मला आनंद व्हायला हवा होता. झालाही. पण माझी बोटं गार पडली होती ती घरी गेल्यावरही गरम झाली नाहीत.

४

पुढचे दिवस मी कसे सांगू. तिच्या गालांवर रंग आला. भूक लागायला लागली, तीही बटाट्याच्या सालांचं सूप होतं तेव्हा. मास्टर एकदा वाकून तिला म्हणाले, "काय, शिट्टीची शिट्टी बंद झाली?" आणि खिशातून साखरेचा खडा काढून दिला. ते पिस्तूल वाळत नाही, तपासायचं राहिलंय, असं सांगून मी रोज स्टोव्हजवळ ठेवत होते. आणि मेटाला थांबवत नव्हते. दिवसातून एकदा ती नळीला तोंड लावायची, आई भरवते तेव्हा मूल जसं निवांत होतं तशी व्हायची, मग नळी ओठांपासून दूर करून म्हणायची, "झालं."

मी कारणं शोधत होते. कांद्याचा गुण आला असेल. स्टोव्हजवळची कोरडी हवा मानवली असेल. खोकल्याची मुदत संपली असेल, असं होतंच ना. लीना मावशीला विचारलं तर म्हणाली, "बरं झालंय ना पोर? मग चांगला कपडा उलटा करून शिवण कशाला बघायची?"

तरी मी बघत होते. मेटाने तोंड लावलं की त्यानंतर नळीत मी डोळा लावायचे. पहिल्या दिवशी वाफ दाट होती. मग पातळ. शिट्टी आधी लांबट यायची, आता मध्येच तुटायची. दोन फुंकांमधलं अंतर वाढत चाललं होतं. मी तेवढ्या वेळात माझा श्वास धरून उभी राहायचे, आणि मलाच आधी सोडावा लागायचा.

एके दिवशी मी मेटाला दिलं नाही. ती रडली, मी दिलं नाही. दुपारपर्यंत तिच्या छातीतलं मांजर परत आलं. संध्याकाळी ओठांचा रंग बदलला. आणि मी नळीत पाहिलं तर वाफ पुन्हा दाट होती, भरभरून, अगदी पहिल्या मंगळवारसारखी.

तेव्हा मला कळलं. खरं तर आधीच कळलं होतं, पण त्या दिवशी ते मला नाकारता येईना.

तो जिवंत असेल, कुठेतरी बर्फात, खंदकात, कुठल्यातरी कैद्यांच्या गोठ्यात, तर हे त्याच्याकडून जात होतं. तो देत होता आणि त्याचं संपत होतं. आणि तो जिवंत नसेल, तर माझी पोरगी रोज काय आत घेत होती?

दोन्हींपैकी कुठलं खरं व्हावं, याची मी प्रार्थनासुद्धा करू शकत नव्हते. त्या रात्री मेटाला छातीशी घेऊन बसले. तिचा श्वास अडकायचा, माझा अडकायचा. सकाळ झाली तेव्हा मी स्वतःच तिला नळी दिली. दिली म्हणजे हातात धरून तोंडाला लावली.

५

दोन आठवड्यांनी, सोमवारी, मास्टरांनी टाळी वाजवून सगळ्यांना गोळा केलं. वरून साहेब आला होता, बूट चिखलाने भरलेले, आवाज बसलेला. पेट्या संध्याकाळी चारच्या गाडीने जायला हव्यात. कारखान्यात एकही पिस्तूल अस्तर न लावता राहता कामा नये.

साहेब गेल्यावर मी मास्टरांच्या टेबलाशी गेले.

"मास्टर, ते एक राहू द्या. मुठीचा कोपरा उडालाय त्याचा. निकामी आहे."

"मुठीने मारायचं नाहीये कुणाला."

"आतून ओलं राहतं."

त्यांनी चष्मा काढून पुसला. म्हातारे होते, युद्धाआधी आमच्याच गोळ्यांच्या खोक्यांवर चिठ्ठ्या डकवायचे. "आल्मा," ते म्हणाले. इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच नावाने. "तो माणूस जाताना पिस्तुलं मोजून गेलाय. एक कमी पडलं तर मला भिंतीशी उभं करतील, आणि माझ्या जागी येईल तो तुझ्या पोरीला टेबलाखाली बसू देणार नाही. चारच्या आत दे. मी शेवटी घेतो तुझं."

शेवटी घेतो, एवढंच त्यांच्या हातात होतं.

मी दुपारभर बाकीची कामं केली. हात चालत होते. अस्तर आत ठोकल्याचा, नट आवळल्याचा आवाज येत राहिला. मेटा खाली खेळत होती, तिने अजून आजचं घेतलं नव्हतं, आणि छातीत बारीक घरघर सुरू झाली होती. साडेतीन झाले. खिडकीतला उजेड निळा पडायला लागला.

मी ते पिस्तूल घेऊन खिडकीशी गेले. उघडलं. आजपर्यंत मी वाफ बघायला म्हणून लांबून डोळा लावत होते. त्या दिवशी नळीला डोळा टेकवला आणि वाफ विरायची वाट पाहिली.

वाफ विरली. पलीकडे पांढरं होतं. खिडकीचं पांढरं नव्हे, ते मी रोज बघते. हे खोल होतं, आणि त्यात वारा होता. आणि नळीच्या त्या टोकाला ओठ होते.

फुटलेले, राखेच्या रंगाचे. मिशांवर बर्फाचे बारीक मणी. एवाल्ड फुंकणी नेहमी तोंडाच्या उजव्या कोपऱ्यात धरायचा, तसेच ते ओठ नळीला उजवीकडे लागले होते. दातांमधली फट काळी दिसत होती. गाल आत गेलेले. डोळे मला दिसले नाहीत, आणि दिसले नाहीत हे बरंच झालं. तो वर बघतच नव्हता. फुंकणारा माणूस कधीच वर बघत नाही, त्याचं सगळं लक्ष नळीच्या टोकाकडे असतं. तो हळूहळू, एका धारेत फुंकत होता, सगळ्यात मोठ्या गोळ्याला फुंकतात तसं. त्यात श्वास मध्येच तोडला तर काच आत खचते.

आता एक गोष्ट सांगायला हवी, जी आमच्या गावाबाहेर कुणाला माहीत नसेल. फुंकणाऱ्याला स्वतःला गोळ्याचं माप कळत नाही. ज्योतीने डोळे दिपलेले असतात. म्हणून बायको शेजारी पुठ्ठ्याचं कडं धरून बसते. गोळा कड्याएवढा झाला की ती म्हणते, "पुरे." तेवढा एक शब्द. दुसऱ्या कुणी म्हटलं तर तो थांबत नाही, त्याला तोच आवाज ऐकायची सवय असते. एकदा मी मध्येच दूध उतू गेलं म्हणून उठले, तर एवाल्ड फुंकतच राहिला. गोळा कोबीच्या गड्ड्याएवढा होऊन फुटला. मी ओरडले, एवढं कळत नाही का? तर कपाळावरची काच झटकत म्हणाला, "तू बोललीच नाहीस."

मी नळीशी उभी होते. मागून माझा झगा कुणी ओढला.

"आई, मला दे ना," मेटा म्हणाली. घरघर तिच्या शब्दांमधून येत होती. "आज थोडंच घेते."

मास्टर टेबलावरून माझ्याकडे बघत होते. लीना मावशी बघत नव्हती, मुद्दाम बघत नव्हती.

मी खाली पाहिलं. मेटाच्या ओठांभोवती ती निळी रेघ आली होती. मी तिला उचलून कडेवर घेतलं, तिचं तोंड माझ्या मानेत दाबून धरलं, आणि नळी माझ्या तोंडाशी नेली.

"पुरे," मी म्हटलं. "एवाल्ड, पुरे."

डोळा लावला. ओठ थांबले होते. नळीपासून सुटायला त्यांना वेळ लागला, थंडीत धातूला चिकटतात तसे ते चिकटले होते. मग ते हलले. गोळा खाली ठेवताना तो दर वेळी जे विचारायचा, त्याच आकारात हलले. झाला?

"झाला," मी म्हटलं. "छान झाला. अगदी मापात."

पांढरं गेलं. खिडकी होती. गोल, चकचकीत, आणि तिच्या दांडीवर लीना मावशीचा रुमाल वाळत होता.

मास्टर स्वतः उठून आले. माझ्या हातातून पिस्तूल घेतलं, उजेडाकडे धरून बघितलं. "कोरडं आहे," ते म्हणाले. मग ते टेबलाशी गेले, आणि मी मेटाचे कान झाकले.

६

नंतर मी वळले तर मोरीवरची एक मुलगी समोर उभी होती. बारकी, डोक्याला करडा रुमाल, हात पाण्याने फाटलेले. तिचं नाव मला कधी कळलं नाही. तिने सगळं पाहिलं असावं. बोलायला बंदीच होती. हातातलं उघडं पिस्तूल तिने माझ्या डोळ्यांसमोर धरलं.

नळी धुरकट होती. वाफ येत होती, विरत होती.

मी तिच्याकडे पाहिलं. तिने मागे बोट केलं. मोरीच्या कडेला एका फडक्यावर तिने आणखी काही बाजूला काढून ठेवली होती. ती किती दिवसांपासून त्यांना असं बाजूला काढत होती, कोण जाणे. तिने स्वतःच्या तोंडासमोर तळवा धरला आणि त्यावर हळूच फुंकर घातली. मग माझ्याकडे बोट दाखवलं. तू सांग, असं.

मी सांगितलं. एकेका नळीला तोंड लावून म्हटलं, पुरे. शेवटी हात जोडून म्हटलं. तिने तिच्या भाषेत काहीतरी म्हटलं, तोच शब्द असेल. वाफ थांबली नाही. येतच राहिली, तशीच, आपल्या कामात. ती माझी माणसं नव्हती. त्यांना माझा आवाज काय कळणार.

पावणेचारला मास्टरांनी तीही नेली. एकात अस्तर बसवताना त्यांचे हात थांबले.

"काही ऐकलंत?" त्यांनी विचारलं.

"नाही," मी म्हटलं.

त्यांनी नट आवळला.

मेटाबद्दल सांगते, नाहीतर आयांचा जीव टांगणीला राहील. ते पुढचे दिवस फार वाईट गेले. लीना मावशी आपल्या घरातलं शेवटचं सरपण घेऊन आली आणि म्हणाली, "जळण आहे, दागिना नाही, लाव चुलीत." आम्ही दोघी आळीपाळीने मेटाला बसवून धरून राहिलो. निजवली तर गुदमरायची. मी तिच्या कानात सांगत होते, फुंक, आता तू फुंक, ओढायचं आपोआप होतं. एका पहाटे तिने भरपूर, वेडावाकडा, खरखरीत श्वास घेतला, आणि त्यानंतर दुसरा. ते श्वास तिचेच होते. वसंतात लढाई संपली, एक परकं सैन्य आलं, उन्हाळ्यात ते गेलं आणि दुसरं आलं, आणि त्या सगळ्यात ती चढावर पळत होती. आता शाळेत जाते. अजूनही थंडीत खोकते. मी खोकू देते.

एवाल्ड आला नाही. पण माझ्या मनाला आता घोर नाही. तो थांबलाय, मला माहीत आहे.

घोर बाकीच्यांचा आहे. ती पिस्तुलं चारच्या गाडीने गेली. कुठे गेली, कुणी समोर धरली, कुणी टाकून दिली, काही ठाऊक नाही. पण अशा किती पेट्या किती कारखान्यांतून गेल्या असतील, आणि त्या नळ्यांच्या पलीकडे कोण कोण अजून फुंकत बसलं असेल, कुणीतरी थांब म्हणेल याची वाट बघत.

म्हणून हे लिहिलं. त्या हिवाळ्यात तुमच्या घरातलं आजारी लेकरू कारण नसताना बरं झालं असेल, आणि तुमच्या माणसाची खबर तेव्हापासून नसेल, तर उशीर करू नका. नळी तीच पाहिजे असं मला वाटत नाही. किटलीचं तोंड, चुलीचं धुराडं, मुलाची पिपाणी, जे पोकळ असेल ते घ्या. आधी लेकराला पोटाशी घट्ट धरा. मग तुमच्याच आवाजात, तुम्ही त्याला घरात ज्या नावाने हाक मारायचात त्या नावाने, एवढंच म्हणा की पुरे, झालं मापात. त्याने विचारलं तर छान झालं म्हणा.

आणि हे तुमच्यापाशी ठेवू नका. शेजारणीला सांगा, पाणवठ्यावर भेटेल तिला सांगा, रेशनच्या रांगेत पुढच्या बाईला सांगा. आणि तुमच्यापैकी कुणाला पूर्वेकडची भाषा येत असेल, तर तिकडच्या बायकांना तिकडच्या शब्दांत सांगा.